मुळेचे वळवलेले पाणी : मुळशी धरण, सत्याग्रह आणि रांजणगावचा संगम

१/
श्रावण-भाद्रपदात पुण्याहून पिरंगुट, पौड या मार्गाने ताम्हिणी घाटाकडे वाहनांची रांग लागते. पौड मागे पडल्यावर डोंगरांच्या कुशीत पसरलेला मुळशीचा जलाशय दिसू लागतो. हिरवे उतार, उतरलेले ढग, कड्यांवरून कोसळणारे ओहोळ आणि मधोमध निश्चल पाणी. सह्याद्रीतील सर्वाधिक छायाचित्रे टिपल्या जाणाऱ्या जागांपैकी ही एक. अनेकांना हे सरोवर निसर्गनिर्मित वाटते. प्रत्यक्षात ते १९२७ साली पूर्ण झालेल्या एका धरणाचे पाणी आहे आणि त्याच्या तळाशी भातशेतीचे एक नांदते खोरे आहे.

२/
या जलाशयाविषयी दोन प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. पहिला, हे पाणी कोठे जाते? दुसरा, येथील जमीन पाण्याखाली घालण्याचा निर्णय कोणी घेतला आणि ज्यांची ती जमीन होती त्यांना कोणी विचारले होते का? दुसऱ्या प्रश्नासाठी येथे १९२१ ते १९२४ या काळात एक सत्याग्रह लढला गेला. पहिला प्रश्न मात्र धरणावर उभे राहून समजत नाही. त्यासाठी नदीच्या प्रवाहाबरोबर पूर्वेकडे, थेट रांजणगावपर्यंत जावे लागते.

३/
शिरूर तालुक्यात दोन रांजणगावे आहेत. एक अष्टविनायकांतील महागणपतीचे, पुणे-अहिल्यानगर मार्गावरचे, औद्योगिक वसाहतीमुळे आज सर्वपरिचित झालेले. दुसरे रांजणगाव सांडस, भीमेच्या काठी, दौंड तालुक्याच्या सीमेलगत. मुळा-मुठा आणि भीमा यांचा संगम या दुसऱ्या रांजणगावाच्या परिसरात होतो. येथे यात्रेकरूंची गर्दी नसते, पर्यटकही फिरकत नाहीत. तरीही पुणे जिल्ह्याच्या पाण्याचा हिशेब मांडायचा असेल, तर याच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

४/
या संगमावर पोहोचणाऱ्या पाण्याची वंशावळ अशी. मुळा मुळशीच्या डोंगरांत उगम पावते. वाटेत दापोडीजवळ तिला पवना मिळते. पुण्यात संगमाच्या ठिकाणी मुठा मिळते आणि दोन नद्यांचे जोडनाव रूढ होते. पुढे थेऊरच्या चिंतामणीजवळून ही मुळा-मुठा पूर्वेकडे सरकत रांजणगाव सांडसजवळ भीमेत मिसळते. भीमा पुढे कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. थोडक्यात, ताम्हिणीवर पडलेल्या पावसाच्या थेंबाची नैसर्गिक वाट रांजणगाव, दौंड, पंढरपूर अशी आहे.

५/
डोंगर आणि पठार यांतील अंतर येथे ध्यानात घ्यावे लागते. घाटमाथ्यावर वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. शिरूर आणि दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. तेथे तोच आकडा पाचशे मिलिमीटरच्या आसपास घुटमळतो. या पट्ट्यात शेती टिकायची तर ती घाटमाथ्यावरून वाहत येणाऱ्या नद्यांच्या आधारावरच. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अभियंत्यांनाही हे ठाऊक होते. मुठेवर त्यांनी केलेले काम त्याची साक्ष देते.

६/
मुठेवरील खडकवासला धरणाचे काम १८६८ च्या सुमारास सुरू होऊन १८७९-८० पर्यंत पूर्णत्वास गेले. फाईफ या लष्करी अभियंत्याच्या नावावरून त्या जलाशयास ‘लेक फाईफ’ म्हणत. पुणे शहर व खडकी छावणीला पाणी देणे आणि कालव्यांनी पूर्वेकडील कोरडी जमीन भिजवणे, असे दोन हेतू त्यामागे होते. मुठा उजवा कालवा दौंडच्या दिशेने गेला. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात अशा कामांचे महत्त्व सर्वांनाच उमगले होते. १९०३ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे याच धरणावर बसले.

७/
म्हणजे मुठेचे पाणी अडवून पूर्वेकडेच नेले गेले. नदीची दिशा तीच राहिली, वाट तेवढी बदलली. तिच्या जोडीदारीण नदीचे, मुळेचे, नशीब वेगळे ठरले. त्याचे कारण पुणे जिल्ह्यात सापडत नाही. ते सापडते मुंबईच्या गिरणगावात.

८/
विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्या वाफेवर चालत. वाफेसाठी कोळसा लागे आणि तो दूरच्या बंगालमधून किंवा समुद्रमार्गे आणावा लागे. कोळसा महाग, वाहतूक बेभरवशाची आणि शहरावर धुराचे कायमचे सावट. दुसरीकडे सह्याद्रीचा कडा मुंबईपासून फार दूर नव्हता. तेथे पाऊस प्रचंड आणि उतार जवळजवळ उभा. त्या पाण्यावर वीज निर्माण करावी, ही कल्पना जमशेटजी टाटांच्या काळातच आकारास आली होती. १९०४ मध्ये ते निवर्तले. ती प्रत्यक्षात आणली त्यांच्या वारसांनी.

९/
१९१० मध्ये टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथील तलावांचे पाणी कड्याखाली सोडून १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईला वीज जाऊ लागली. पाठोपाठ आंध्रा नदीवरील ठोकरवाडी धरण आणि कड्याखालचे भिवपुरी वीजगृह उभे राहिले. १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी अस्तित्वात आली. तिचे क्षेत्र होते निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाचे खोरे, म्हणजेच मुळशी.

१०/
या योजनेची तांत्रिक किल्ली अगदी साधी आहे. जलविद्युत किती निर्माण होईल हे पाणी किती आहे आणि ते किती उंचीवरून पडते, यावर ठरते. मुळशीचे पाणी पूर्वेकडे सोडले तर ते पठारावरून संथपणे उतरते. पश्चिमेकडे मात्र सह्याद्री एकदम तुटतो. म्हणून नदीवर दगडी धरण बांधून पाणी मागे तुंबवायचे, डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेकडे न्यायचे आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणातील भिरा येथे सोडायचे, अशी रचना ठरली. पूर्ववाहिनी नदी पश्चिमवाहिनी करणे हाच या योजनेचा गाभा होता.

११/
धरणापूर्वीची मुळशी कशी होती? ‘मुळशी पेटा’ म्हणून ओळखला जाणारा हा भाग आंबेमोहोर तांदळासाठी नावाजलेला होता. येथील शेतकऱ्यांना मावळे म्हणत. नदीकाठची सपाट भातखाचरे ही या खोऱ्याची खरी संपत्ती आणि जलाशयात बुडणार होती नेमकी तीच. वरच्या डोंगरउतारांवर नाचणी-वरी पिकते, आंबेमोहोर पिकत नाही. सुमारे पन्नास गावे आणि दहा-अकरा हजार माणसे या योजनेच्या टप्प्यात येत होती.

१२/
योजनेची पहिली चाहूल लोकांना नोटिशीने लागली नाही. ती लागली शेतांत खणल्या जाऊ लागलेल्या चरांनी. आपल्या शेतात खोदाई होताना पाहून हरकत घेणाऱ्या एका शेतकऱ्यावर कंपनीच्या गोऱ्या अभियंत्याने पिस्तूल रोखल्याची हकीकत या लढ्याच्या इतिहासात नोंदलेली आहे. पुढच्या साऱ्या संघर्षाचे बीज या एका प्रसंगात दिसते. मोबदला किती, हा प्रश्न नंतरचा. ‘आमच्या रानात विचारल्यावाचून कुदळ मारायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?’ असा मावळ्यांचा आधीचा प्रश्न होता.

१३/
तो अधिकार दिला होता १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. सरकारला सार्वजनिक प्रयोजनासाठी जमीन ताब्यात घेता येई आणि कंपन्यांकरिता जमीन संपादन करण्याची तरतूदही त्याच कायद्यात होती. मालकाला मोबदल्याच्या रकमेविषयी वाद घालता येई. ‘मला जमीन द्यायचीच नाही’ या उत्तराला मात्र त्या कायद्यात फारसे स्थान नव्हते. मुंबई सरकारने कंपनीसाठी हे संपादन करण्याचे ठरवल्यावर मावळ्यांपुढे न्यायालयाची वाट जवळजवळ बंद झाली.

१४/
संघर्षाचे चित्र मात्र ‘एकीकडे कंपनी, दुसरीकडे गाव’ इतके सरळ नव्हते. खोऱ्यातील बरीचशी जमीन गहाणवटीतून पुण्याच्या सावकारांकडे गेली होती. कसणारा मावळा कूळ आणि कागदावर मालक शहरातला. जमीन गेली तर मोबदला मालकाच्या हाती पडणार आणि उपजीविका जाणार कुळाची. साहजिकच काही सावकारांना लढ्यापेक्षा वाढीव मोबदल्यात अधिक रस होता. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहाचा जो सखोल अभ्यास केला, त्यात या अंतर्गत भेदावर विशेष भर आहे.

१५/
दुसरी गुंतागुंत राष्ट्रीय चळवळीची. १९२० च्या अखेरीस नागपूर काँग्रेसने असहकाराचा कार्यक्रम मान्य केला होता. चंपारण आणि खेडा येथे शेतकऱ्यांच्या बाजूने लढे झाले होते. परंतु चंपारणात समोर युरोपीय मळेवाले होते आणि खेड्यात सरकार. मुळशीत समोर होती एक भारतीय कंपनी, स्वदेशी उद्योगाचे मानचिन्ह समजली जाणारी. स्वदेशीचा पुरस्कार करणाऱ्यांनी स्वदेशी भांडवलाविरुद्ध उभे राहायचे का? पुण्याच्या पुढाऱ्यांपुढे हा पेच होता. त्यांतील बऱ्याच जणांनी मावळ्यांची बाजू घेतली, पण सर्वांची निष्ठा सारख्या तीव्रतेची नव्हती.

१६/
या लढ्याला चेहरा मिळाला पांडुरंग महादेव बापट यांचा. जन्म १८८० चा, पारनेरचा. पारनेर हा शिरूरला लागून असलेला तालुका, तसाच अवर्षणाचा. डेक्कन कॉलेजात शिक्षण, शिष्यवृत्तीवर एडिनबरो, तेथे क्रांतिकारकांशी संबंध, पॅरिसमध्ये बॉम्बविद्येचे ज्ञान आणि मग मायदेशी परतून अज्ञातवास, असा त्यांचा पूर्वेतिहास होता. पुढे जन्मभर त्यांच्या नावाला चिकटलेली ‘सेनापती’ ही पदवी त्यांना मुळशीच्या रणात मिळाली. विनायकराव भुस्कुटे आणि शंकरराव देव हे या लढ्यातील आणखी दोन महत्त्वाचे कार्यकर्ते.

१७/
१६ एप्रिल १९२१. रामनवमी. त्या दिवशी हजाराहून अधिक मावळे धरणाच्या जागी जमले आणि त्यांनी काम थांबवले. पुरुषांबरोबर स्त्रियाही होत्या. कामाच्या जागी बसून राहायचे, उठायचे नाही, हात उगारायचा नाही, अशी त्यांची पद्धत होती. त्याच महिन्यात गांधीजींनी ‘यंग इंडिया’मध्ये मुळशीविषयी लिहून मावळ्यांविषयी सहानुभूती दर्शवली आणि टाटांना आवाहन केले. कंपनीने काही महिन्यांसाठी काम स्थगित केले. पहिल्या फेरीत मावळे जिंकल्यासारखे दिसत होते.

१८/
ते यश टिकले नाही. स्थगितीची मुदत संपताच १९२१ च्या अखेरीस काम पुन्हा सुरू झाले आणि सत्याग्रहाचा दुसरा, अधिक खडतर टप्पा उघडला. आता अटका होऊ लागल्या, शिक्षा होऊ लागल्या. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनीही १९२२ मध्ये या सत्याग्रहासाठी कारावास पत्करला. बापट स्वतः पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. दरम्यान धरणाची भिंत मात्र हळूहळू वर चढत होती.

१९/
लढा का खचला, याची कारणे एकाहून अधिक आहेत. सावकार मोबदला स्वीकारू लागल्यावर कुळांच्या पायाखालची जमीन कागदोपत्री आधीच सरकली. बाहेरून आलेले स्वयंसेवक तुरुंगात जात, पण पेरणीच्या दिवसांत शेत सोडून तुरुंगात जाणे मावळ्याला परवडत नसे. चौरीचौऱ्यानंतर १९२२ मध्ये असहकाराचे आंदोलन मागे घेतले गेले आणि देशभरच उत्साह ओसरला. गांधीजीही पुढे या लढ्यापासून दूर राहिले. बहुसंख्य लोकांनी मोबदला घेतला आहे आणि नेतृत्वाची अहिंसेवर पूर्ण निष्ठा नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

२०/
हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. सत्याग्रहाने धरण थांबत नाही असे दिसल्यावर बापटांनी वेगळी वाट धरली. १९२४ च्या अखेरीस धरणाच्या कामावरील रेल्वे अडवण्याचा सशस्त्र प्रयत्न त्यांनी केला. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि ते १९३१ मध्ये सुटले. मुळशीचा सत्याग्रह येथे संपला. निःशस्त्र बैठकीने सुरू झालेल्या लढ्याचा शेवट रुळांवरच्या दगडांपाशी व्हावा, याचे मूल्यमापन अभ्यासक आजही वेगवेगळ्या तऱ्हेने करतात.

२१/
१९२७ मध्ये धरण पूर्ण झाले आणि भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. सुमारे दीड किलोमीटर लांबीची आणि जवळपास ४९ मीटर उंचीची ही भिंत आजही उभी आहे. तिच्यामागे सुमारे १८ टीएमसी पाणी साठते. तुलनेसाठी, खडकवासल्याची साठवण दोन टीएमसीहूनही कमी आहे. पानशेत आणि वरसगाव ही पुण्याची मोठी धरणेही प्रत्येकी मुळशीपेक्षा लहानच. पुण्याच्या उशाशी असलेला हा सर्वांत मोठा जलाशय पुण्याकरिता बांधलेला नव्हता.

२२/
मुळशीला अनेकदा ‘जगातील पहिली धरणविरोधी चळवळ’ म्हटले जाते. व्होरा यांच्या इंग्रजी ग्रंथाचे शीर्षकही तेच सांगते. येथे एक तुलना उपयोगी ठरेल. अमेरिकेत योसेमिटीच्या रानातील हेच हेची खोऱ्यात धरण बांधण्यास निसर्गप्रेमी जॉन म्यूर यांनी जोरदार विरोध केला होता. १९१३ मध्ये तेथील संसदेने धरणास अनुमती दिली, १९२३ मध्ये ते पूर्ण झाले आणि त्याचे पाणी सॅन फ्रान्सिस्कोला गेले. म्हणजे काळाच्या दृष्टीने तो विरोध मुळशीच्या आधीचा.

२३/
पण दोन्हींतील फरक मोलाचा आहे. म्यूर यांचा युक्तिवाद प्रामुख्याने खोऱ्याच्या सौंदर्याचा आणि पावित्र्याचा होता. तेथे पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या मूळनिवासींच्या हक्काचा मुद्दा त्या वादात मागेच राहिला. मुळशीत लढले ते ज्यांची घरे-शेते बुडणार होती ते लोक. ‘विस्थापितांनी स्वतः उभारलेला धरणविरोधी लढा’ अशी नेमकी व्याख्या केली, तर मुळशीचा पहिलेपणाचा मान बळकट होतो. मौज अशी की हेच हेचीत सौंदर्य वाचवण्यासाठी धरणाला विरोध झाला आणि मुळशीत आज धरणालाच सौंदर्य म्हणून पाहिले जाते.

२४/
आता पुन्हा रांजणगावकडे वळू. सत्याग्रहाचा सारा भर बुडणाऱ्या जमिनीवर होता. खालच्या अंगाला असलेल्या गावांचे पाणी जाणार, हा मुद्दा त्या काळी लढ्याच्या केंद्रस्थानी आला नाही. भूसंपादनाच्या कायद्यात जमीन गमावणारा माणूस तरी ‘हितसंबंधी’ ठरे. नदी गमावणारा त्या व्याख्येत बसतच नसे. धरण भरून सांडव्यावरून पाणी सुटते तेव्हा मुळेला पूर येतो. एरवी मुळशीत अडलेले पाणी डोंगरापलीकडे उतरते. नदीच्या मूळ वाटेवरील काठांच्या वाट्याला पूर आला, बारमाही प्रवाह आला नाही.

२५/
पाणी कोठे गेले, हे पाहायचे तर भिऱ्याखाली उतरावे. वीजगृहातून बाहेर पडलेले पाणी कुंडलिका नदीत येते. कोलाडजवळ याच सोडलेल्या पाण्यावर आज राफ्टिंगचा खेळ चालतो आणि रोह्याच्या परिसरातील शेतीलाही त्याचा उपयोग होतो. शेवटी कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. बंगालच्या उपसागराकडे निघालेला थेंब असा विरुद्ध समुद्रात पोहोचतो. कोकणातील या शेतांनीही त्या पाण्याभोवती आपला संसार उभारला आहे, हे विसरता येत नाही.

२६/
खोऱ्याबाहेर जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न पुढे आंतरराज्य झाला. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, १९७० च्या दशकातील आपल्या निवाड्यात टाटा जलविद्युत प्रकल्पांसाठी पश्चिमेकडे वळवल्या जाणाऱ्या पाण्यावर मर्यादा घातली. कोयनेच्या पाण्यालाही तशीच मर्यादा आली. दुष्काळी वर्षांत टाटांच्या धरणांतील पाणी पुन्हा भीमा खोऱ्यात सोडावे, ही मागणी महाराष्ट्रात वारंवार होते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची तहान वाढेल तसा मुळशीचा उल्लेखही वाढतो आहे. शंभर वर्षांपूर्वी न विचारलेला प्रश्न आता रोज विचारला जातो.

२७/
न्याय्य लेखन करायचे तर वीजनिर्मात्यांची बाजूही नोंदवायला हवी. कोळशाचा धूर न काढता मिळालेली ही वीज मुंबईच्या औद्योगिक वाढीचा कणा ठरली. लाखो कामगारांच्या रोजगाराशी ती जोडलेली होती आणि त्यांतील कितीतरी कुटुंबे घाटावरच्या दुष्काळी गावांतूनच आलेली होती. धरण निरुपयोगी होते असे इतिहास सांगत नाही. लाभ एकीकडे आणि किंमत दुसरीकडे असताना किंमत मोजणाऱ्याची संमती आवश्यक मानली गेली नाही, एवढे मात्र तो निश्चित सांगतो.

२८/
ही संमती कायद्यात यायला किती काळ लागला? स्वातंत्र्यानंतरही १८९४ चाच कायदा चालू राहिला. कोयनेपासून पानशेतपर्यंत असंख्य गावे त्याच चौकटीत उठली. विस्थापितांच्या दीर्घ संघर्षानंतर महाराष्ट्राने १९७६ मध्ये पुनर्वसनाचा कायदा केला. केंद्रात २०१३ चा नवा भूसंपादन कायदा झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून तो लागू झाला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असल्यास ८० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती हवी, अशी तरतूद त्यात आहे. मुळशीच्या चरांपासून या तरतुदीपर्यंत नव्वदहून अधिक वर्षे गेली.

२९/
सेनापती बापट १९६७ पर्यंत जगले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. गोवा मुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्र या लढ्यांतही ते होते. मुंबईत माहीम-दादरहून लोअर परळकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. त्याचे जुने नाव तुळशी पाइप रोड, तुळशी तलावाचे पाणी आणणाऱ्या नळावरून पडलेले. हा रस्ता गिरणगावातून जातो. ज्या गिरण्यांच्या विजेसाठी मुळशी बुडाली, त्यांच्याच दारावरून जाणारा रस्ता मुळशीच्या सेनापतीच्या नावाने ओळखला जातो. बहुतेक गिरण्या आता बंद झाल्या आहेत. भिऱ्याची वीज अजून येते.

३०/
इतिहासाच्या वाचकाने मुळशीला अवश्य जावे. जाण्यापूर्वी नकाशावर निळा-मुळेचा संगम, धरणाची भिंत, भिरा आणि रांजणगाव सांडस ही चार ठिकाणे शोधून ठेवावीत. धरणाच्या परिसरात सुरक्षेचे नियम आहेत, ते पाळावेत. जलाशयाच्या कडेला उभे राहिल्यावर पाणी कोणत्या दिशेने निघाले आहे, हे डोळ्यांना कळत नाही, कारण पृष्ठभाग स्थिर असतो आणि बोगद्याचे तोंड दूर असते. नकाशा मात्र ती दिशा दाखवतो.

३१/
आणि जमल्यास उन्हाळ्यात एकदा रांजणगाव सांडसच्या संगमावरही जावे. तेथे वैशाखात मुळा-मुठेतून येते ते मुख्यत्वे पुणे-पिंपरीने वापरून सोडलेले पाणी. काठावरच्या शेतकऱ्याला त्याच पाण्यावर पीक काढावे लागते. मुळशीची छायाचित्रे पुष्कळ आहेत. त्या छायाचित्रांतील पाण्याचे मूळ गंतव्य कसे दिसते, हे ठाऊक असलेले लोक फार थोडे आहेत. ही दोन्ही ठिकाणे पाहिलेल्या माणसाला १९२१ चे मावळे नेमके कशासाठी उन्हात बसले होते, हे वेगळे सांगावे लागणार नाही.